रजेचं कारण : वाळवंट बघणे

वाळवंटात सायकल चालवायला जायची कल्पना माझी होती आणि ती निव्वळ कंटाळ्यातून आली होती. हे आधीच कबूल केलेलं बरं, कारण पुढे माझ्या धाडसाचं बरंच कौतुक झालं आणि मी ते मुकाट्याने करून घेतलं.

आणीबाणी उठून तीन-चार वर्षं झाली असतील. मी बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीत ड्राफ्ट्समन होतो. गाव खानापूरकडचं, डिप्लोमा नुकताच झालेला, राहायला खासबागेत एका विणकराच्या माडीवर. घरी खालून मागांची खडखड, कामावर लोखंडाची खणखण, आणि मधल्या वेळात पंपाच्या त्याच त्या भागाची तीच ती ड्रॉइंग. ऑफिसच्या भिंतीवर कुणा बेअरिंगवाल्याचं कॅलेंडर होतं. त्याच्या मे महिन्याच्या पानावर वाळूची एक टेकडी होती. माणूस नाही, झाड नाही, उंटसुद्धा नाही. जून गेला, जुलै आला, तरी ते पान उलटायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. एका दुपारी वैतागून मी त्या टेकडीकडे बघत मोठ्याने म्हणालो, "इथं सायकल घेऊन गेलं पाहिजे एकदा."

ऐकायला कुणी नाही अशा समजुतीत मी होतो, पण दारात अण्णा उभे होते. अण्णा आमच्या फौंड्रीतले सगळ्यात जुने मोल्डर. मोल्डर म्हणजे वाळूचा साचा करणारा. त्या साच्यात वितळलेलं लोखंड ओततात. हे काम त्यांनी तीस वर्षं केलेलं. मूळचे निपाणीचे. त्यांची आई तिथल्या तंबाखूच्या वखारीत कामाला होती, आणि अण्णा पंचविशीत बेळगावला येऊन वाळूत बसले ते बसलेच. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. ड्रॉइंग न्यायला आलेला हा माणूस ड्रॉइंग विसरून कॅलेंडरला नाक लावून उभा राहिला.

"कुठं हाय रं हे?"

"राजस्थानात. जैसलमेरकडं."

"ही वाळू कुणाची?"

"कुणाची म्हणजे? कुणाचीच नाही."

"कुणी आणून टाकलेली न्हाई?"

"नाही हो अण्णा. आपोआप आहे."

तीस वर्षांत त्यांच्या हाताखालून गेलेली प्रत्येक वाळू ट्रकने आली होती, चाळली गेली होती, मोजून मिसळली गेली होती. आपली आपण पडलेली, कुणाच्या कामाची नसलेली एवढी वाळू जगात कुठेतरी आहे हे त्यांना पटेना. मग म्हणाले, "जाणार असलास तर मी बी येतो."

मी हसून सोडून दिलं. त्यांनी सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन माझ्या टेबलाशी हजर. पाऊस पडला तर त्या वाळूतलं पाणी कुठं जातं? वरची वाळू आणि खालची वाळू एकाच जातीची असते का? तिथं मुंग्या असतात का, आणि असल्या तर खातात काय? रस्त्यावर वाळू आली तर झाडतं कोण? मला यातलं एकही उत्तर येत नव्हतं आणि मला त्याचा राग यायचा. शिकलेला मी, आणि प्रश्न पडायचे त्यांना.

एकदा मी चिडून विचारलं, "अण्णा, तुम्हाला जायचंय तरी कशाला?"

त्यांनी भाकरी खाली ठेवली. "आजपर्यंत मी कुठं कुठं गेलतो सांगू? कोल्हापूरला लग्नाला, हुबळीला कामाला, मिरजेला दवाखान्यात, निपाणीला मयतीला. काम न्हाई आन् गेलोय असं एकदा बी झालं न्हाई. एकदा बिनकामाचं जायचंय. नुसतं बघाय."

इतकं साधं मागणं मी तोवर कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. त्या दिवसापासून माझा कंटाळा बाजूला पडला आणि आम्ही खरोखरीच तयारीला लागलो.

शाळेच्या एका जुन्या नकाशाच्या पुस्तकात मी बेळगाव ते जैसलमेर दोरा ठेवून मोजलं आणि सगळा रस्ता सायकलने जायचा विचार दोऱ्यासकट गुंडाळून ठेवला. ठरलं ते असं, की सायकली रेल्वेच्या सामानाच्या डब्यात टाकायच्या, मिरज, पुणे, मुंबई, अहमदाबाद, जोधपूर करत जायचं, आणि शेवटचा वाळूचा भाग तेवढा सायकलवर. माहिती कोण देणार? बेळगावच्या लष्करी कॅम्पात एक निवृत्त हवालदार चहाचं दुकान चालवायचे. त्यांची काही वर्षं तिकडच्या सरहद्दीवर गेली होती. आम्ही दोघं चार सुट्ट्या सलग त्यांच्या बाकावर जाऊन बसलो. मी वही काढून पाण्याचं, रस्त्यांचं विचारायचो. अण्णा भलतंच विचारायचे.

हवालदार सहज बोलून गेले, की तिकडं टेकड्या एका जागी राहत नाहीत, वाऱ्याने सरकतात. आज तंबूच्या डाव्या हाताला असलेली टेकडी महिन्याने तंबूच्या दारात.

"सरकती म्हंजे?" अण्णांचा चहा बशीतच राहिला. "अख्खी सरकती, का वरची वाळू पुढं पडत जाती?"

हवालदार म्हणाले, "ते बघितलं नाही बाबा आपण. आपण बंदूक घेऊन दुसरीकडं बघत होतो."

घरी परतताना अण्णा अर्धा रस्ता सायकल हातात धरून चालले. टेकडी कशी सरकत असेल याचा त्यांच्या मनात हिशेब चालला होता. मधेच थांबून त्यांनी रस्त्याकडेच्या मातीवर फुंकर मारून बघितली. येणारे-जाणारे बघत होते, आणि मला, खरं सांगतो, थोडा संकोच वाटला.

सायकल हा माझा प्रांत होता. साध्या सायकलचं बारीक टायर वाळूत रुतणार हे उघड होतं. डोंगरात, वाळूत चालवायच्या जाड टायरच्या सायकली परदेशात निघाल्यात असं कुठेतरी वाचलं होतं. बेळगावात त्या बघायलाही मिळत नव्हत्या. म्हणून मी ड्रॉइंग काढलं. भंगारात गेलेल्या एका मोपेडची चाकं घेतली, वेल्डिंगवाल्याकडून सायकलचा पुढचा-मागचा चिमटा रुंद करून घेतला आणि त्या रुंदीला लागणारे हबचे, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याचे, लांब तुकडे अण्णांनी स्वतः साचा करून ओतले. दोन सायकली करायच्या होत्या. पहिली तयार झाली ती दिसायला म्हशीच्या रेडकासारखी, पण तिच्यावर आमचा भारी जीव.

आता चाचणी. इथे आम्ही जे केलं ते फौंड्रीतली माणसंच करू जाणोत. वाळूत सायकल चालवून बघायची म्हणून सुट्टीच्या दिवशी वॉचमनला सांगून फौंड्रीत शिरलो आणि मोल्डिंगच्या वाळूचा लांबच लांब थर पसरून त्याच्यावर ती चालवली. काय चालली! लोण्यावरून चालावी तशी. टायरची नक्षी वाळूत अशी उठली, की अण्णा कौतुकाने म्हणाले, त्यात लोखंड ओतलं तर टायर निघेल. मी चार चकरा मारल्या, अण्णांनी सहा. छपन्न वर्षांचा माणूस पॅडलवर उभा राहून ओरडत होता, "जैसलमेर आलं रं, जैसलमेर आलं!"

तोवर आमचं पत्रही गेलेलं होतं. ही कल्पना अण्णांची. म्हणाले, कुठलंही काम घ्यायच्या आधी वाळूचा नमुना मागवतात, तसा मागवू. कुणाकडून मागवायचा? तिथं ओळखीचं कुत्रंही नव्हतं. शेवटी मी मोडक्यातोडक्या हिंदीत 'पोस्टमास्टर साहब, जैसलमेर' अशा पत्त्यावर पत्र लिहिलं, की आम्ही कामगार माणसं आहोत, आपल्याकडची वाळू बघायची इच्छा आहे, मूठभर पाठवाल तर उपकार होतील. पोस्टाची तिकिटंही सोबत घातली. उत्तर येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. महिन्याभराने कापडात शिवलेलं एक पुडकं आलं. आत वाळू आणि चिठ्ठी : 'आपकी माँगी हुई रेत भेज रहा हूँ। यहाँ इसकी कमी नहीं है।'

अण्णांनी पुडकं खाली ठेवून हात स्वच्छ धुतले, पुसले, आणि वाळूची मूठ आवळली. मोल्डर वाळूची परीक्षा अशीच करतो. मूठ उघडल्यावर वाळूचा लाडू तसाच राहिला तर वाळू चांगली. अण्णांनी मूठ उघडायच्या आधीच वाळू बोटांमधून घळाघळा सांडून गेली. हातात काही उरलं नाही.

आमच्या वाळूत चिकणमाती असते, पाणी असतं, ती दाबून बसवलेली असते. तिच्यावर सायकल पळेल नाहीतर काय होईल? एवढी साधी गोष्ट डिप्लोमावाल्याच्याही डोक्यात आली नव्हती, आणि तीस वर्षं त्या वाळूत बसलेल्याच्याही. "अण्णा, सायकल यात रुतणार. दहा पावलं जाणार नाही."

"रुतंल की. आपली वाळू आपण शिकवलेली हाय. ही कुणी शिकवलेली न्हाई." त्यांचा चेहरा उजळला होता. ते वाळू गोळा करून चाळण्यांपाशी गेले आणि एकेका चाळणीतून घालून बघू लागले. थोड्या वेळाने त्यांनी मला हाक मारली. ट्रकने येणाऱ्या वाळूत बारीक-मोठे सगळे दाणे मिसळलेले असतात. ही जवळपास सगळीच्या सगळी एकाच चाळणीवर थांबली होती.

"ही चाळल्याली हाय रं. एवढी समदी. कुणी चाळली?" मग स्वतःच म्हणाले, "वाऱ्यानं. वाऱ्यानं चाळली." आणि लहान पोराला गंमत सापडावी तसे हसले. मी मात्र माझ्या रुतणाऱ्या सायकलच्या दुःखात होतो. त्यांनी माझी समजूत काढली, की चालवता आली तिथं चालवू, नाहीतर ढकलू. ढकलताना उलट नीट बघता येईल.

घरातून विरोध झाला तो त्यांच्या मुलाचा. मुलगा बँकेत ऑफिसर होता, स्कूटर होती, माणूस सज्जन. एका संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो होतो, तर बुद्धाच्या तसबिरीखाली बसून बापलेकांचं चाललेलं. मुलगा मला म्हणाला, "तुम्हाला हौस वाटत असेल. आमचा आजा आयुष्यभर लोकांच्या कामाला अनवाणी पळला. ह्यांनी चाळीस वर्षं सायकल मारली. त्यातून आम्ही वर आलो ते ह्यांनी पुन्हा ऊन खात सायकल ढकलायला? लोक काय म्हणतील?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "आजा पळला ते दुसऱ्याच्या कामाला. मी सायकल मारली ती पोटाला. आता माझ्या मनाला जातो, तर तुला लाज वाटाय लागली व्हय?"

मी निघताना मुलगा मला दारापर्यंत सोडायला आला आणि हळूच म्हणाला, "त्यांना पाणी भरपूर प्यायला लावा." म्हणजे तिकडून परवानगी मिळाली होती. उरली होती ती फक्त रजा, आणि तिच्याबद्दल आम्हाला काळजीच नव्हती.

आमच्या फॅक्टरीत रजेच्या अर्जावर कारणाचा एक रकाना असे, आणि त्यात लिहायची कारणं ठरलेली : लग्न, मयत, आजारपण, जत्रा. खरं कारण कुणी लिहीत नसे, आणि खरं आहे का ते कुणी विचारत नसे. एका फिटरची सासू माझ्या देखत तीनदा वारली होती आणि तिन्ही वेळा हेडक्लार्कने हळहळून रजा दिली होती. बऱ्याच जणांचे अर्ज मीच लिहून द्यायचो. मी माझ्या अर्जावर 'काकांचे आजारपण' लिहिलं आणि अण्णांना विचारलं, तुमच्यासाठी कोण आजारी पाडू?

"कुणी नको. लिव, वाळवंट बघणे."

"अण्णा, रजा मिळायची नाही."

"तीस वर्षं खोटं लिवून रजा घेतली. खऱ्या कारणाला मिळती का न्हाई, ते बी बघायचंय."

मी पुष्कळ समजावलं. शेवटी ते म्हणाले तसंच लिहिलं. हेडक्लार्क वाईट नव्हता; त्याने अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाला, "अण्णा, यात्रा म्हणून लिवा की. तिकडं कुठलंतरी देऊळ असंलच."

"देवाला न्हाई चाललो. बघाय चाललोय."

"मग आतून साहेबांची सही कशी व्हायची हो? बघायला म्हणून कुणी रजा देतंय?"

अण्णांनी कारण बदललं नाही. तीन दिवसांनी माझी रजा मंजूर होऊन आली. अण्णांच्या अर्जावर लाल शाईत लिहिलेलं होतं, की कारण सबळ नाही. अण्णांनी तो कागद दोनदा वाचला. "मिळत न्हाई व्हय," एवढंच म्हणाले. जणू एक चाचणी घेतली आणि तिचा निकाल हाती आला.

त्या वेळी मी माझा अर्ज मागे घ्यायला हवा होता. निदान त्यांना हात धरून बसवून 'आजारपण' लिहायला लावायचं, नाहीतर आत जाऊन भांडायचं. यातलं मी काहीच केलं नाही. अण्णा म्हणाले, "तू जा. बघून ये. मला समदं सांग." मी तोंडाने दोनदा नको-नको म्हटलं, पण मनातून मला आनंद झाला होता. इतक्या वर्षांनीही तो आनंद आठवला की स्वतःची शिसारी येते.

अण्णा पुढेही कधी गेले नाहीत. दोन वर्षांनी निवृत्त झाले तेव्हा गुडघे पार गेले होते, नंतर दमाही मागे लागला.

मी गेलो. सायकल जैसलमेरपर्यंत नीट पोचली. वाळूच्या पहिल्याच चढावर ती हबपर्यंत रुतली, तिथली पोरं हसली, आणि मी ती ओढत परत आणून धर्मशाळेच्या भिंतीला टेकवून ठेवली ती निघेपर्यंत. दोन दिवस पोट बिघडलं. मग किल्ला बघितला, उंटावर बसलो, आईसाठी बारीक आरसे लावलेली पिशवी घेतली. एका मित्राकडून कॅमेरा मागून नेला होता, बारा फोटोंचा रोल होता, तो सगळा संपवला. सगळे म्हणाले, मजा केलीस. मलाही तसंच वाटत होतं.

परत कामावर आलो त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत अण्णा डबा घेऊन आले, पण डबा उघडला नाही.

"खालची वाळू वली असती का?"

"खाली बघितलं नाही, अण्णा."

"मुंग्या हुत्या?"

"असतील. लक्ष गेलं नाही."

"टेकडी सरकती ती कशी रं? अख्खी का वरची वरची?"

"वारा नव्हता त्या दिवसांत," मी म्हणालो. तेही खोटं होतं. वारा होता, डोळ्यांत वाळू जाते म्हणून मी पाठ करून बसलो होतो.

ते रागावले नाहीत. आणखी दोन-तीन प्रश्न त्यांच्या तोंडाशी आलेले दिसले, पण मला अडचण नको म्हणून त्यांनी ते विचारले नाहीत. मला ते सहन होईना. मी घाईघाईने फोटोंचं पाकीट काढलं. त्यांनी हात पँटला खसखसून पुसले, एकेक फोटो कडांना धरून उजेडाकडे नेला आणि बाराच्या बारा फोटो सावकाश बघितले. उंटावर मी. किल्ल्याच्या दारात मी. टेकडीसमोर, कमरेवर हात ठेवून, मी.

तो टेकडीचा फोटो त्यांनी पुन्हा वर घेतला. माझ्या खांद्याच्या पलीकडे काही दिसतंय का ते बघत राहिले.

"जरा बाजूला सरकायचं हुतंस की रं," ते म्हणाले. "दिसली असती."